रुमाल सांभाळायला दरवर्षीचा पैसा कुठून आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह विचारतात की, आमच्याकडे मोडी कागदपत्रांचे साधारण ४०० रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, शंभरेक पोथ्या आहेत, १९२० ते १९५० मधल्या स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली आहेत आणि बंद पडलेल्या गिरण्यांमधून आलेल्या कापडाच्या नमुन्यांच्या काही वह्या आहेत. एका व्यापारी देणगीदारांनी स्कॅनिंगसाठी ३ लाख रुपये देऊ केले आहेत. स्कॅनर विकत घ्यावा की काम बाहेर द्यावं? आणि हे सगळं पुढे टिकवायला कायमचा पैसा कसा उभा करावा?

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मी आधी घेते. स्कॅनरचा निर्णय चुकला तर दोन-तीन लाखांचं नुकसान होईल. दरवर्षीच्या पैशाचा हिशोब चुकला तर संग्रहच हातचा जाईल. गेली २४ वर्षं मी कागदाच्या जतनाचं काम करते. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट या पट्ट्यातली बरीच दप्तरं माझ्या हाताखालून गेली आहेत. पैशाअभावी मातीमोल झालेले संग्रह मी पाहिले, तसे भरपूर पैसा एकदम मिळून बिघडलेलेही पाहिले.

त्यातला एक सांगते. जिल्ह्यातल्या एका संस्थेला चांगलं अनुदान मिळालं होतं. स्कॅनर आला, संगणक आला, फीत कापली गेली, वर्षभर एक मुलगा मन लावून काम करत होता. अनुदान संपलं तसा मुलाचा पगार थांबला आणि तो पुण्याला निघून गेला. चार वर्षांनी मला बोलावलं ते वाळवी लागली म्हणून. मी आधी हार्ड डिस्क मागितली. ती टेबलाच्या खणात, जुन्या पावतीपुस्तकांखाली होती. संगणकाला लावली तर आतून टकटक आवाज यायला लागला आणि पडद्यावर काहीच दिसेना. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मग रुमाल उघडले. स्कॅन करताना सुटे केलेले कागद घाईघाईत नायलॉनच्या सुतळीनं आवळून बांधले होते. सुतळीनं कडा कापल्या होत्या, कागदांचा मूळ क्रम गेला होता. पूर्वी ज्या रुमालाला कुणी हात लावला नव्हता, तो त्यापेक्षा चांगल्या अवस्थेत होता. त्या दिवशी मी घरी आले ती जेवलेच नाही. त्या मुलाचा दोष नव्हता, संस्थेची नियतही चांगली होती. अर्ज लिहिताना 'पाचव्या वर्षी या खोलीचं कुलूप कोण उघडेल आणि त्याचा पगार कोण देईल' हे कुणी कागदावर मांडलं नव्हतं, एवढंच.

म्हणून पहिलं काम हे, की दरवर्षी लागणारा आकडा काढा. एकदाच होणारी कामं, म्हणजे कपाटं, छप्पर, स्कॅनिंग, बाजूला ठेवा. फक्त एवढंच विचारा की नवीन काहीही न करता, आहे ते आहे तसं राखायला वर्षाला किती लागतात.

तुमच्याएवढ्या संग्रहासाठी मी मांडणी करून दाखवते. आकडे तुमच्याकडे वेगळे येतील, पण सदरं हीच राहतील. अर्धवेळ एक माणूस, महिना १०,००० धरला तर १,२०,०००. मलमलीचं कापड, आम्लविरहित कागद आणि पुठ्ठा, जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ, चिवट कागद), खळीचं साहित्य मिळून ४०,०००. वीज आणि आर्द्रता शोषणाऱ्या यंत्राची देखभाल २५,०००. छपराची गळती, वायरिंगची तपासणी, अग्निशामक नळकांडी भरून घेणं हे २५,०००. डिजिटल प्रतींच्या डिस्क बदलायला वर्षाकाठी बाजूला टाकायचे १५,०००. वाळवी-कसर तपासणी १०,०००. अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी १५,०००. बेरीज अडीच लाख. यातला जवळपास निम्मा पैसा माणसाचा आहे, आणि नेमकं तेच सदर बहुतेक अर्जांमध्ये कोरं असतं. दर पंधरा दिवसांनी रुमाल उघडून बघणारा, कपाटामागे बोट फिरवून वाळवीची माती दिसते का पाहणारा माणूस हेच जतन आहे. बाकीचं सामान त्याच्या हाताशी लागतं म्हणून घ्यायचं.

आपल्याकडची हवा या हिशोबात धरावीच लागते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो, हवा कोरडीठक्क, कागद पापडासारखा वाजतो. मग पाऊस येतो, आणि आपल्याकडे त्याचा जोर बहुतेक सप्टेंबरात असतो. तोच कागद आता ओल पितो. हे आकुंचन-प्रसरण दरवर्षी होतं. उष्णतेचं गणित तर फारच निष्ठुर आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की कागद कुजण्याचा वेग निदान दुप्पट होतो. पत्र्याखालची पश्चिमेकडची खोली आणि तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली यांत दहा अंशांचा फरक मी स्वतः मोजलाय. खोली बदलायला पैसे लागत नाहीत. कार्यकारिणीच्या बैठकीची खोली आणि दप्तराची खोली यांची अदलाबदल करा, असं मी दोन ठिकाणी सुचवलं. एका ठिकाणी ऐकलं. तळमजला निवडताना पाण्याचा विचार मात्र हवा. १४ ऑक्टोबर २०२०चा पाऊस आठवा. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर तरी वर पाहिजे.

आता संग्रह वेगवेगळा करा, कारण पैसा देणाऱ्यांच्या व्याख्या वेगवेगळ्या असतात आणि अर्ज बहुतेक वेळा तिथेच फेटाळले जातात.

राष्ट्रीय हस्तलिखित अभियान २००३ साली सुरू झालं. १ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात त्यालाच पुढे नेणाऱ्या ज्ञान भारतम् मोहिमेची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंद आणि जतन करण्यासाठी. हे ऐकून बऱ्याच संस्था आपले मोडी रुमाल घेऊन धावतात. पण अभियानाची हस्तलिखिताची व्याख्या अशी: हातानं लिहिलेलं, निदान ७५ वर्षं जुनं आणि ज्ञानाचा आशय असलेलं. छापील आणि शिळाप्रेसचे ग्रंथ त्यात बसत नाहीत. फर्मानं, महसुली कागद अशा ऐतिहासिक नोंदीही बसत नाहीत. म्हणजे तुमच्या शंभर पोथ्या त्यात बसतील. चारशे रुमालांत जमाखर्च, कतबे (करारपत्रं), वतनाचे कागद असतील, तर ते बसणार नाहीत. पोथ्यांची यादी वेगळी करून तेवढ्यांसाठीच अर्ज करा. रुमालांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराची अनुदान योजना पाहा, आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाशी आधी बोला. पैसे मिळोत न मिळोत, तिथल्या माणसांनी संग्रह एकदा डोळ्यांखालून घातला तर पुढच्या प्रत्येक अर्जाला वजन येतं.

वृत्तपत्रांची गोष्ट आणखी निराळी. लोकांना वाटतं की जितका जुना कागद तितका नाजूक. माझ्या टेबलावर १७८०च्या आसपासचं जुन्नरी कागदावरचं पत्र आणि १९३०चा वर्तमानपत्राचा अंक शेजारी ठेवले, तर पत्राची घडी मी शंभरदा उघडू शकते. अंकाचा कोपरा नुसता उचलला तरी बिस्किटासारखा तुटतो. हातकागद चिंध्या-तागाचा असतो, वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं आम्लच त्याला आतून खातं. आणि सोलापूरच्या बाबतीत १९३० म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ६ एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा, मे महिन्यात मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना फाशी. त्या वर्षाचे अंक तुमच्या फायलीत असतील, तर ते आधी वाचवा. स्कॅनिंगचा पैसा सगळ्यात आधी तिथे खर्च व्हावा, कारण पोथी आणखी शंभर वर्षं थांबेल, हे अंक थांबणार नाहीत.

परदेशी मदतीत ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातील अभिलेखांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. तो डिजिटल प्रती करण्यासाठी पैसे देतो, मूळ कागद इथेच राहतात. पण प्रती सगळ्यांना खुल्या होतात, हे विश्वस्तांनी आधी मान्य केलेलं असावं. नंतर वाद झालेले मी पाहिलेत.

वाचनालय म्हणून तुम्हाला राज्याच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतच असेल. त्यातला मोठा भाग पगार आणि ग्रंथखरेदी यांत जातो, जतनाला उरतं ते नगण्य. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान पुस्तकं, कपाटं, इमारत यांसाठी मदत करतं, वाचनालयांच्या शताब्दीसारख्या टप्प्यांवरही करतं, तेव्हा तुमचं स्थापनेचं वर्ष तपासून घ्या. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. छपराचा विषय तिथे काढून पाहा, पगाराचा काढू नका, कारण आवर्ती खर्च त्यात चालत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल, म्हणजे सीएसआरबद्दल, फार गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू होतं ते ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला. तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या पाचव्या बाबीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीचं रक्षण, सार्वजनिक ग्रंथालयं, पारंपरिक कला-हस्तकला हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात ती बाब नमूद करा. समोरच्या अधिकाऱ्याला त्याच्या कागदावर लिहायला तेच वाक्य लागतं. तुमच्या संस्थेची आयकर खात्याकडे १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा क्रमांकही हवा. हा क्रमांक नसल्यामुळे मार्चअखेरीस हातातोंडाशी आलेली रक्कम गेल्याचं मी पाहिलंय. तो आजच काढून ठेवा.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात घ्या. कंपनी एखादा प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करू शकते, सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत. तेव्हा एका वर्षाचे १० लाख मागण्यापेक्षा चार वर्षांसाठी दरवर्षी अडीच लाख मागा. कंपनीला सोपं जातं, तुम्हाला माणूस ठेवता येतो. आणि जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं अशा ठेवीत, दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. त्यामुळे कायम निधीसाठी कंपनीच्या दारात जाऊन वेळ घालवू नका. तो निधी माणसांकडून येतो.

कायम निधीचं गणित बहुतेक विश्वस्त चुकतात. १० लाख ठेवले, ७ टक्के व्याज, वर्षाला ७० हजार मिळाले, सगळे खर्च केले. पहिल्या वर्षी ठीक वाटतं. दहा वर्षांनी मलमल, पगार, वीज सगळं वाढलेलं असतं आणि हातात तेच ७० हजार. म्हणून व्याजातला साधारण निम्मा भाग मुद्दलात परत टाकायचा, निम्माच खर्चायचा. या हिशोबानं वर्षाला १ लाख हवे असतील तर मुद्दल २८ लाखांच्या पुढे लागतं. आकडा ऐकून घाबरू नका, तो एका वर्षात उभा करायचा नसतो. पण ५ लाख जमले की 'आता झालं' असं म्हणून थांबूही नका.

देणगीदारानं ही रक्कम कायम निधीसाठी आहे असं स्वतः लेखी दिलं पाहिजे, आणि ती कायद्यानं ठरवून दिलेल्या गुंतवणुकीतच, वेगळी दिसेल अशी ठेवली पाहिजे. तुमच्या लेखापरीक्षकांना विचारा, ते शब्द काय असावेत ते सांगतील. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर देणगीदाराला सवलत मिळत नाही. ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ८०जीचा लाभच नाही. तेव्हा करसवलतीच्या आशेवर आवाहन लिहू नका. लोक कागदासाठी देतात, कागद दाखवा.

आणि ठेव एकाच ठिकाणी ठेवू नका. आमच्या माहितीतल्या एका संस्थेनं ओळखीतल्या सहकारी बँकेत, अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून, सगळा निधी ठेवला. बँकेवर निर्बंध आले. माणसाचा पगार थांबला, त्याच पावसाळ्यात गळती लागली, आणि पैसे असूनही काढता येईनात. ठेवींचा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत आहे, तोही एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या ठेवी मिळून. अर्ध्या टक्क्यासाठी एवढी जोखीम संग्रहाच्या जिवावर घेऊ नका.

आता रोजचा, गावातला पैसा. मला हाच सगळ्यात भरवशाचा वाटतो. दिल्लीची योजना बदलते, कंपनीचा अधिकारी बदलतो, गावातली माणसं तिथेच असतात.

एका ठिकाणी आम्ही रुमालाला पालक द्यायची पद्धत सुरू केली. वर्षाला १,००० रुपये, आणि पालकाला त्याचा रुमाल वर्षातून एकदा उघडून दाखवायचा. त्याला वाचता येत नाही, पण शेजारी मोडी जाणणारा बसून चार ओळी वाचून दाखवतो. कुणाच्या रुमालात विहिरीचा वाद निघतो, कुणाच्या रुमालात लग्नाच्या खर्चाची यादी. एका आजोबांच्या रुमालात त्यांच्या गावचं नाव आलं, तर ते पुढच्या महिन्यात तिघा भावांना घेऊन आले आणि तीन रुमाल आणखी घेऊन गेले, म्हणजे पालकत्वानं. तुमच्याकडच्या ४०० पैकी १०० रुमालांना पालक मिळाले तरी १ लाख होतात. पुण्यात, हैदराबादेत, मुंबईत गेलेली सोलापूरची माणसं यात आवर्जून येतात. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत ती गावी असतात. तुमचा रुमाल-दर्शनाचा दिवस तेव्हाच ठेवा.

अभ्यासिका असेल तर तिचाही हातभार लागतो. ६० खुर्च्या असतील आणि प्रत्येकी महिना २५ रुपये दप्तरासाठी वेगळे काढले तर वर्षाला १८,००० होतात. स्पर्धा परीक्षेच्या पोरांवर भार टाकायचा नाही, म्हणून शुल्क न वाढवता आहे त्यातूनच काढा. मोडीचे वर्ग घ्या. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली हे सगळ्यांनी पाहिलंय. २५ जणांच्या दोन तुकड्या, प्रत्येकी १,२०० शुल्क, निम्मं मानधन शिक्षकाला, तरी ३०,००० उरतात. शिवाय त्यातले दोघं-तिघं पुढे तुमचेच रुमाल वाचायला बसतात. १० लाखांच्या निधीचं अर्धं व्याज ३५,०००. हे सगळं मिळून १,८३,००० झाले. अडीच लाखांना ६७,००० कमी पडतात, तेवढ्यासाठी कुणाकडे जायचं हा प्रश्न आता माणसाच्या आवाक्यातला आहे.

नमुन्यांच्या वह्यांबद्दल वेगळं लिहिते, कारण मला त्यांची फार काळजी आहे. जुनी गिरणी १८७७ची. तिच्यासह लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यांवर अख्खं गाव उठत-बसत होतं. इमारती गेल्या, यंत्रं भंगारात गेली, वह्या कुणाच्या तरी घरी माळ्यावर उरल्या. अशी एक वही मी साखर पेठेतल्या एका म्हाताऱ्या डिझाइनरांकडे घेऊन गेले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वहीत डाव्या पानावर कापडाचे तुकडे टाचणीनं लावलेले, उजव्या पानावर चौकटींचा ग्राफ, लाल पेन्सिलीनं भरलेला. टाचण्या गंजून प्रत्येक तुकड्यावर तपकिरी डाग पडले होते. मी डागांकडे बघत होते, अण्णा ग्राफकडे. त्यांनी बोट ठेवलं आणि एकेक ओळ मोजत म्हणाले, "ही एक ओळ म्हणजे जकार्डचा एक पत्ता, बाई. एक पत्ता, एक आडवा धागा. जिथं भोक, तिथं उभा धागा वर." जकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणून घेणारं मागावरचं यंत्र. समासात तेलुगूत दोन-दोन शब्द लिहिलेले होते. मला ते रंगाची नावं वाटत होती. ती कुणासाठी माल काढला त्या व्यापाऱ्यांची गावं निघाली. त्या एका दुपारी वहीची नोंद तीन ओळींवरून दोन पानांवर गेली.

अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत. टाचणी मी पुढच्या वर्षीही काढू शकते. अण्णांना पुढच्या वर्षी विचारता येईलच असं नाही. म्हणून तुमच्या आकड्यात अशा वीस दुपारींचं मानधन घाला. मानधन द्याच. 'आपलेच आहेत, प्रेमानं सांगतील' असं म्हणून आयुष्यभर मागावर राबलेल्या माणसाचा वेळ फुकट घेऊ नका. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ज्यांचा धंदा त्या नावावर चालतो, त्या कारखानदारांसमोर ही वही ठेवा. पारंपरिक हस्तकला हा शब्द सातव्या अनुसूचीत आहे, हे मघाशी लिहिलंच. वह्यांवर थेट उजेड पडू देऊ नका, रंग उडतात, आणि ओल्या बोळ्यानं पुसायला जाऊ नका, लाल रंग फुटतो.

तोच धोका लाल रुमालांना आहे. जुनी लाल कापडं भिजली की रंग कागदावर उतरतो आणि तो निघत नाही. पांढरी, धुतलेली, बिनखळीची मलमल वापरा. जुनं कापड फेकू नका, त्यावर दप्तराचे आकडे लिहिलेले असतात. वेगळ्या पाकिटात त्याच क्रमांकानं ठेवा. सेलोटेप संग्रहाच्या खोलीत आणूच नका. डांबरगोळ्यांपेक्षा झाडू आणि माणसाची नजर जास्त काम करते. वेखंडाच्या पुरचुंड्या आपले आजे-पणजे ठेवत असत, तुम्हीही ठेवा, पण कागदाला थेट लागू देऊ नका आणि त्यावर विसंबून तपासणी चुकवू नका. जिथे कागद फाटलाय तिथे स्वतः चिकटवायला बसू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, पुण्यात भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आधी विचारा, तुमच्या माणसाला शिकायला पाठवा. दुरुस्तीपेक्षा त्याच्या प्रवासाचा खर्च स्वस्त पडतो.

आता ते ३ लाख. स्कॅनर घेऊ नका. साधारण १ लाख यादीवर घाला: प्रत्येक रुमालाला क्रमांक, आतल्या कागदांची संख्या, सर्वांत जुना आणि सर्वांत नवा शक, अवस्था. यादी नसलेल्या संग्रहाला कुणी पैसे देत नाही, आणि चोरी झाली तर काय गेलं हेही सांगता येत नाही. ८०-९० हजार मलमल, पेट्या, खोली नीट करण्यावर. उरलेल्यात १९३०च्या आजूबाजूचे अंक बाहेरच्या चांगल्या माणसाकडून, संग्रहाच्या खोलीतच बसून स्कॅन करून घ्या. कागद बाहेर जाऊ देऊ नका. ४०० डीपीआयनं रंगीत टिफ फाइल करायची तर ए-४ आकाराच्या एका पानाला साधारण ४६ एमबी लागतात, २०,००० पानांना जवळपास एक टीबी. वर्तमानपत्राचं पान त्याहून कितीतरी मोठं असतं, तेव्हा जागा त्या प्रमाणात धरा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. चार-पाच वर्षांनी डिस्क बदलायचीच, बिघडण्याची वाट बघायची नाही. वर १५,०००चं सदर ठेवलं ते यासाठी.

तुम्ही लिहिलंय की देणगीदारांना यंत्रावर नाव हवंय आणि 'यादीला पैसे द्या' असं त्यांना सांगायला अवघड वाटतं. मी अशा बैठकांना बसले आहे. एकदा एका संस्थेत नवी पेठेतले एक व्यापारी असेच स्कॅनरची पत्रकं घेऊन आले होते. मी काही बोलले नाही. त्यांना टेबलाशी बसवलं, हात धुवायला लावले आणि एका दुकानाची १८९०च्या सुमाराची खतावणी समोर उघडली. पहिल्या पानावर श्री, हळदीकुंकवाचे डाग, मग नावं आणि रकमा. त्यांनी पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबले. तिथून पुढे कसरीनं बोगदा केला होता, वीस-बावीस पानांतून आरपार, बरोबर जमेच्या रकान्यातून. नावं होती, आकडे नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हे कधी झालं?" मी सांगितलं की गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत झालं असावं, कारण भुसा ताजा आहे. मग त्यांनी विचारलं की वेळेवर बघायला माणूस ठेवला तर महिन्याला किती लागतील. मी आकडा सांगितला. त्यांनी स्कॅनरची पत्रकं घडी घालून खिशात ठेवली.

ती खतावणी आता पेटीत आहे, आणि दिवाळीच्या पाडव्याला नवी वही मांडली की त्यांच्या दुकानातून वर्षाच्या पगाराचा धनादेश येतो.